क्लॅमथ नदीवरची चार धरणे : जमाती, शेतकरी आणि अर्धाच राहिलेला करार

ओरेगनकर

क्लॅमथ नदी दक्षिण ओरेगनमधील अप्पर क्लॅमथ सरोवराच्या खोऱ्यात सुरू होते आणि सुमारे ४०० किलोमीटर वाहून उत्तर कॅलिफोर्नियात पॅसिफिक महासागराला मिळते. या नदीवरची चार जलविद्युत धरणे २०२४ पर्यंत पूर्णपणे काढून टाकण्यात आली. ऑगस्टअखेर नदीचा प्रवाह मोकळा झाला आणि त्याच ऑक्टोबरात चिनूक जातीचे सॅमन मासे ओरेगनमधील वरच्या पात्रात दिसले. १९१२ नंतर तेथे ते प्रथमच पोहोचत होते. ही बातमी बहुतेकांनी ‘मूलनिवासी जमाती विरुद्ध वीजकंपनी’ अशा सरळ लढ्याची बातमी म्हणून वाचली असावी. मी याच भागात राहतो, आणि मला त्यातली तिसरी बाजू, म्हणजे गेल्या शतकात येथे वसवले गेलेले गोरे शेतकरी, तितकीच महत्त्वाची वाटते. जमाती आणि शेतकरी एकत्र कसे आले, कोठे एकत्र राहिले आणि कोठे पुन्हा दुरावले, यावर येथे चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी देतो. नदीच्या वरच्या अंगाला क्लॅमथ, मोडॉक आणि याहूस्किन हे लोक राहतात. या तिघांचे मिळून ‘क्लॅमथ ट्राइब्ज’ हे शासन आहे. खालच्या अंगाला शास्ता, कारूक, हूपा आणि अगदी मुखाशी युरोक आहेत. १८६४ च्या तहात वरच्या लोकांनी सुमारे २ कोटी २० लाख एकर जमीन अमेरिकी सरकारला दिली आणि राखीव प्रदेशात शिकार व मासेमारी करण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. १९५४ मध्ये संसदेने कायदा करून या जमातीची मान्यताच काढून घेतली, त्यांची जंगले विकली गेली, आणि ती मान्यता परत मिळायला १९८६ साल उजाडले.

दरम्यान १९०५ पासून केंद्र सरकारने येथे मोठा सिंचन प्रकल्प उभारला. टूली लेक आणि लोअर क्लॅमथ या उथळ सरोवरांचा बहुतेक भाग कोरडा करून तेथे शेते पाडली आणि पहिल्या व दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना ती सोडत काढून वाटली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सोडतीत चिठ्ठ्या काढण्यासाठी लोणच्याची काचेची बरणी वापरली होती. त्या बरणीतून ज्यांचे नाव निघाले त्यांची नातवंडे आज येथे बटाटा, कांदा आणि लसूणघास पिकवतात. सरकारने एकाच पाण्याचे वचन दोघांना दिले होते, एकदा तहात आणि एकदा सोडतीत, आणि पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ तेथे आहे.

एक गैरसमज येथेच दूर करायला हवा, कारण तो अमेरिकेतही सर्रास आढळतो. पाडलेल्या चार धरणांतून, म्हणजे कॉप्को १, कॉप्को २, जे. सी. बॉइल आणि आयर्न गेट यांतून, शेतीला पाणी मिळत नव्हते. ती केवळ विजेसाठी होती आणि त्यांची एकूण क्षमता सुमारे १६३ मेगावॉट होती. शेतीचे पाणी त्यांच्या बरेच वर, अप्पर क्लॅमथ सरोवरातून कालव्यात सोडले जाते. मग शेतकऱ्यांचा या धरणांशी संबंध काय? तो विजेच्या दरातून आणि पाण्याच्या हक्कातून येतो.

१९८३ मध्ये ‘ॲडेअर’ खटल्यात केंद्रीय अपील न्यायालयाने निकाल दिला की मान्यता काढून घेतली तरी क्लॅमथ लोकांचा पाण्यावरचा हक्क संपलेला नाही आणि तो अनादी काळापासूनचा आहे. पश्चिम अमेरिकेत पाण्याचा नियम असा आहे की ज्याचा हक्क जुना, त्याची गरज आधी पूर्ण होते. त्यामुळे जमातींचा हक्क सर्वांत वरचा ठरला. १९८८ मध्ये सरोवरातील सकर जातीचे दोन मासे (स्थानिक नावे च्वाम आणि कोप्तू) संकटग्रस्त म्हणून नोंदले गेले आणि १९९७ मध्ये खालच्या पात्रातील कोहो सॅमनलाही संरक्षण मिळाले. २००१ च्या दुष्काळात या माशांसाठी पाणी राखायचे म्हणून प्रकल्पातील बहुतेक शेतकऱ्यांचे पाणी एप्रिलमध्येच बंद करण्यात आले. क्लॅमथ फॉल्स गावात हजारो लोकांनी साखळी करून हातोहात पाण्याच्या बादल्या कालव्यापर्यंत नेल्या, कालव्याची दारे बळाने उघडण्याचे प्रकार झाले, आणि त्या वर्षअखेर चिलोक्विन या आदिवासी वस्तीत गाडीतून बंदुका झाडत, शिव्या देत फिरणाऱ्या तरुणांवर खटला चालला. पुढच्या वर्षी सरकारने शेतीला पाणी दिले. सप्टेंबर २००२ मध्ये खालच्या पात्रात उथळ, कोमट पाण्यात रोग पसरून किमान ३४,००० सॅमन मेले. युरोक लोकांचा अंदाज याच्या दुपटीचा आहे.

माझे म्हणणे असे की या दोन वर्षांनी दोन्ही बाजूंना दाखवून दिले की एकमेकांचा सर्वनाश करण्याची ताकद दोघांकडेही आहे. सहकार्य त्यातून निघाले. सद्भावना नंतर आली.

अनिरुद्ध_पुणे

लेख उत्तम आहे, परंतु शेवटच्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. न्यायालयाने दिलेली ताकद हेच कारण मानले तर १९८३ ते २००१ ही अठरा वर्षे काहीच का घडले नाही, याचे उत्तर मिळत नाही. शिवाय ताकद असलेल्या सगळ्यांनी तडजोड केली असेही नाही. माझ्या वाचनाप्रमाणे धरणे काढणे आणि खोऱ्यातील पाणी यांबाबतच्या २०१० च्या करारावर हूपा व्हॅली जमातीने सहीच केली नाही, कारण त्या करारामुळे आपला पाण्याचा हक्क दुबळा होईल असे त्यांना वाटत होते. तेव्हा ‘मूलनिवासी’ ही एक बाजू आणि ‘शेतकरी’ ही दुसरी, ही मांडणीही तपासून घ्यायला हवी.

ओरेगनकर

आक्षेप रास्त आहे. हूपांबद्दल आपण लिहिले ते बरोबर आहे आणि त्यांचा विरोध तात्त्विक होता, हट्टाचा नव्हता. अठरा वर्षांबद्दल सांगायचे तर निकालाने हक्क मान्य केला, पण किती पाणी, हे ठरवण्याचे काम ओरेगन राज्याच्या प्रक्रियेत अडकले आणि २०१३ पर्यंत चालले. तोपर्यंत तो हक्क कागदावरच्या धमकीसारखा होता.

मात्र निव्वळ ताकदीने भागले नाही हे मी मान्य करतो. धरणांच्या परवान्याची मुदत २००६ मध्ये संपत होती आणि नूतनीकरणाच्या निमित्ताने जमाती, शेतकरी, मच्छीमार, पर्यावरण संस्था आणि दोन्ही राज्ये यांना वर्षानुवर्षे एका खोलीत बसावे लागले. शेतकऱ्यांना बसण्याचे स्वतःचे कारणही होते. १९५६ च्या करारानुसार वीजकंपनी त्यांना पंपांसाठी युनिटला ०.६ सेंट या दराने वीज देत असे आणि हा करारही २००६ मध्येच संपला. म्हणजे कंपनी आपल्या बाजूची आहे हा त्यांचा समज त्याच वर्षी गळून पडला. युरोकांच्या वतीने ट्रॉय फ्लेचर आणि सिंचन संघटनेच्या वतीने ग्रेग ॲडिंग्टन वाटाघाटी करत होते. वर्तमानपत्रांतून एकमेकांवर टीका करण्यात वर्षे घालवलेली ही दोन माणसे पुढे उघडपणे एकमेकांना मित्र म्हणू लागली. फ्लेचर २०१५ मध्ये वारले. धरणे पडलेली त्यांना पाहता आली नाहीत.

द्राक्षबागायतदार

मी नाशिक जिल्ह्यातील शेतकरी असल्यामुळे मला स्वाभाविकपणे दुसऱ्याच गोष्टीची उत्सुकता आहे. वरच्या धरणातील पाणी खाली जायकवाडीला सोडण्याचा आदेश निघाला की आमच्याकडे काय वातावरण होते, हे येथील बहुतेकांना माहीत आहे. कालव्याच्या पाण्यावर तीन पिढ्यांनी संसार उभा केला असेल तर ‘तुमचा हक्क मुळातच दुय्यम होता’ हे वाक्य पचवणे सोपे नसते. त्या शेतकऱ्यांना करारात नेमके काय मिळणार होते आणि प्रत्यक्षात काय मिळाले, हे कृपया सविस्तर सांगावे.

ओरेगनकर

फेब्रुवारी २०१० मध्ये ओरेगनची राजधानी सेलम येथे दोन करारांवर एकत्र सह्या झाल्या. एक धरणे काढण्याचा होता आणि दुसरा संपूर्ण खोऱ्याच्या पुनरुज्जीवनाचा. दुसऱ्या करारात शेतकऱ्यांना दुष्काळातही ठरावीक पाण्याची हमी आणि परवडणाऱ्या विजेची सोय होती. त्या बदल्यात पाण्याचा काही वापर कमी करण्याचे त्यांनी मान्य केले होते. क्लॅमथ ट्राइब्जनी आपला वरिष्ठ हक्क प्रकल्पातील शेतकऱ्यांविरुद्ध पूर्ण ताकदीने न वापरण्याचे मान्य केले आणि त्यांना गमावलेल्या जंगलापैकी सुमारे ९०,००० एकर परत विकत घेण्यासाठी मदत मिळणार होती. कोणाच्याही दृष्टीने हा करार गोड नव्हता. जमातींमध्ये ‘तहाचा हक्क सौद्यात काढला’ असा राग होता, आणि शेतकऱ्यांमध्ये ‘धरणे पाडणाऱ्यांशी हातमिळवणी केली’ असा.

दुसऱ्या कराराला संसदेची मंजुरी आणि मोठा निधी हवा होता. धरण पाडण्याचा पायंडा पडेल या भीतीने संसदेतील विरोधकांनी विधेयक पुढे सरकू दिले नाही आणि २०१५ संपताच तो करार आपोआप रद्द झाला. त्यानंतर २०१६ च्या एप्रिलमध्ये नदीच्या मुखाशी, युरोकांच्या रेक्वा गावी, फक्त धरणांचा करार दुरुस्त करून पुन्हा सह्या झाल्या. संसदेकडे न जाता केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाकडून परवाना सोडण्याची वाट धरली गेली आणि काम पार पाडण्यासाठी ‘क्लॅमथ रिव्हर रिन्यूअल कॉर्पोरेशन’ ही ना-नफा संस्था स्थापन झाली. आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अंतिम मंजुरी दिली. ४५ कोटी डॉलरपैकी २० कोटी वीजग्राहकांकडून आणि २५ कोटी कॅलिफोर्नियाच्या रोख्यांतून आले.

म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की जमाती, कंपनी आणि राज्ये यांना हवे होते ते झाले, आणि शेतकऱ्यांच्या वाट्याचा अर्धा भाग हवेत राहिला. २०२१ च्या दुष्काळात प्रकल्पाचा मुख्य ‘ए’ कालवा पूर्ण हंगामभर कोरडा राहिला. त्याच वसंतात खालच्या पात्रात रोगाने सॅमनची पिल्लेही मोठ्या संख्येने मेली. हमी असती तर नुकसान टळले असते असा दावा मी करणार नाही, कारण नसलेले पाणी कोणताही करार आणू शकत नाही, पण तोटा कसा वाटून घ्यायचा हे तरी आधी ठरलेले असते.

जुना_अभियंता

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे. आयुष्यभर धरणे बांधण्याचे काम केल्यामुळे ती पाडण्याबद्दल वाचताना मन थोडे चमत्कारिक होते, हे प्रांजळपणे सांगतो. माझे दोन प्रश्न आहेत. कंपनीने उत्पन्न देणारी मालमत्ता सोडायला संमती का दिली? आणि शतकभराच्या गाळाचे काय केले? आयर्न गेटसारखे मातीचे धरण काढताना जलाशय आधी पूर्ण रिता करावा लागला असणार. मग तो गाळ खाली जाऊन नदीच मारत नाही का?

ओरेगनकर

काका, पहिल्या प्रश्नाचे उत्तर हिशोबात आहे. परवाना नव्याने घ्यायचा तर माशांसाठी पायऱ्यांचे मार्ग बांधण्याची अट केंद्रीय मत्स्य विभागांनी घातली होती, आणि तो खर्च धरणे काढण्यापेक्षा ग्राहकांना महाग पडेल असे दिसून आले. धरणे काढल्यास ग्राहकांच्या माथी २० कोटींच्या वर बोजा येणार नाही, अशी मर्यादाही करारात होती. कारूक, युरोक आणि इतर जमातींचे लोक २००४ मध्ये कंपनीच्या तेव्हाच्या स्कॉटलंडमधील मालकांच्या भागधारक सभेपर्यंत गेले होते आणि मालकी बदलल्यावर नव्या मालकांच्या मुख्यालयी, ओमाहालाही जाऊन पोहोचले. त्या आंदोलनाने विषय जिवंत ठेवला. तरीही आकडे उलटे असते तर कंपनी हलली असती असे मला वाटत नाही.

गाळाबद्दलची आपली शंका अगदी योग्य जागी आहे. जानेवारी २०२४ मध्ये जलाशय रिते करायला सुरुवात झाली. कॉप्को १ च्या पायथ्याशी बोगदा खोदून शेवटचा भाग सुरुंगाने उडवला. हिवाळा मुद्दाम निवडला होता, कारण त्या काळात प्रौढ सॅमन नदीत कमी असतात आणि पावसाचे पाणी गाळ वाहून नेते. काही आठवडे नदी चॉकलेटी रंगाची होती आणि तळातल्या चिखलात हरणे रुतून मेली, त्यामुळे विरोधकांना आयतेच छायाचित्र मिळाले. त्याहून गंभीर चूक फेब्रुवारीत झाली. मत्स्यबीज केंद्रातून सोडलेल्या सुमारे ८,३०,००० चिनूक पिल्लांपैकी मोठ्या संख्येने पिल्ले आयर्न गेटच्या जुन्या बोगद्यातून जाताना दाबातील फरकामुळे वायूचे बुडबुडे होऊन मेली. गाळ त्याला कारणीभूत नव्हता. पण ज्यांना आधीच अविश्वास होता त्यांच्यासाठी हा फरक बारीकच होता.

सुमेधा_सॅक्रामेंटो

धरण पाडल्यानंतरच्या कामाबद्दल थोडी भर घालते, कारण रोजचे सहकार्य खऱ्या अर्थाने तेथे दिसते. जलाशय आटल्यावर सुमारे २,२०० एकर जमीन उघडी पडली. ती तशीच सोडली असती तर पिवळ्या फुलांच्या स्टार थिसलसारख्या परदेशी तणांनी ती एका हंगामात व्यापली असती. म्हणून युरोक जमातीच्या तुकड्यांनी धरणे पडण्याच्या काही वर्षे आधीपासून आसपासच्या टेकड्यांवर फिरून सुमारे १०० स्थानिक वनस्पतींचे बी हाताने गोळा केले, ते रोपवाटिकांमध्ये वाढवून अब्जावधींच्या संख्येत वाढवले, आणि कंत्राटदार कंपनीच्या परिसंस्थातज्ज्ञांबरोबर ते पेरले. पेरणीची वेळ साधणे ही मुख्य गोष्ट होती. गाळ ओला असतानाच बी टाकायचे, कारण तो वाळला की त्याला हातभर खोल भेगा पडतात आणि वरचा थर कवचासारखा कडक होतो. माणूस जेथे चिखलात उभा राहू शकत नव्हता तेथे हेलिकॉप्टर वापरले.

यात दोन गट मात्र वेगळ्या प्रकारे भरडले गेले, आणि त्यांचा उल्लेख व्हायला हवा. कॉप्को जलाशयाच्या काठी घरे घेतलेल्या लोकांसमोरचे पाणी गेले आणि घरांच्या किमतीही घसरल्या. सिस्कियू परगण्याचा विरोध यामुळे शेवटपर्यंत टिकला. दुसरा गट शास्ता लोकांचा. त्यांचे खोरे कॉप्को धरणासाठी बुडवले गेले होते. केंद्रीय मान्यता नसल्यामुळे वाटाघाटींच्या टेबलावर त्यांना कारूक किंवा युरोकांसारखे स्थान नव्हते. जून २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी त्यांना सुमारे २,८०० एकर जमीन परत देण्यास पाठिंबा जाहीर केला. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत न्याय्य निर्णय तो आहे, आणि तो मूळ करारात नव्हता.

याच खोऱ्यातले आगीचे कामही पाहण्यासारखे आहे. ऑर्लीन्स आणि सोम्स बार या छोट्या वस्त्यांमध्ये कारूक जमात, गोऱ्या रहिवाशांनी चालवलेली मिड क्लॅमथ वॉटरशेड कौन्सिल आणि वनखाते मिळून जंगलात ठरवून, सौम्य आग लावतात. कारूक लोक हे पूर्वापार करत आले. हेझेलची झाडी जाळली की दुसऱ्या वर्षी टोपल्यांसाठी लागणाऱ्या सरळ, लवचीक फोकी मिळतात आणि ओकखालची कीड मरून पुढच्या वर्षीचे एकॉर्न, म्हणजे ओकचे फळ, निरोगी मिळते. शंभर वर्षे सरकारने यावर बंदी घातली, जंगलात काडीकचरा साठत गेला, आणि २०२० च्या स्लेटर वणव्यात हॅपी कॅम्प गावातील शेकडो इमारती जळाल्या. येथे शेजाऱ्यांना एकत्र आणायला न्यायालयाचा निकाल लागला नाही. वणवा कोणाच्या घराला आधी लागेल हे कोणालाच माहीत नसते, एवढे पुरले. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाने कारूक जमातीशी करार करून सांस्कृतिक जाळणीसाठी राज्याच्या परवान्यांची अट काढली.

अनिरुद्ध_पुणे

सुमेधाताईंचे उदाहरण माझा मुद्दा पुढे नेते. समान धोका असेल तेथे ताकदीचे गणित मागे पडते; पाण्यात मात्र एकाचा लाभ ही दुसऱ्याची हानी असते.

द्राक्षबागायतदार

पाण्यातही तसे नेहमीच नसते. पाणी थांबवले, मुरवले, तर दोघांचाही फायदा होऊ शकतो. तेथे तसे काही प्रयत्न आहेत का? शिवाय आणखी एक व्यावहारिक प्रश्न. सॅमन आता सरोवरापर्यंत आले, तर ते कालव्यात शिरून शेतात मरतील. त्याचा दोष कोणावर येणार?

ओरेगनकर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. टूली लेक अभयारण्यात शेतकरी काही शेते एक ते चार वर्षे पाण्याखाली ठेवून पाणथळ करतात आणि नंतर पुन्हा पेरतात. स्थलांतरित बदकांना जागा मिळते, मातीतील सूत्रकृमी कमी होतात आणि पुढच्या बटाट्याला औषधाचा खर्च कमी लागतो. अप्पर क्लॅमथ सरोवराच्या उत्तरेला बांध फोडून सुमारे १४,००० एकर जुनी पाणथळ जमीन २०२५ मध्ये सरोवराला पुन्हा जोडली गेली; ती स्फुरद गाळून घेईल आणि सकर माशांच्या पिल्लांना आसरा देईल अशी अपेक्षा आहे. शिवाय फेब्रुवारी २०२४ मध्ये क्लॅमथ ट्राइब्ज, युरोक, कारूक आणि सिंचन संघटना यांनी केंद्र सरकारच्या इंटिरियर विभागाबरोबर (जमीन, पाणी आणि जमातींचे व्यवहार पाहणारे खाते) एका सामंजस्य करारावर सह्या केल्या. २०१५ नंतर हे चौघे प्रथमच एका कागदावर आले. त्यात पाणीवाटप नाही. कोणती पुनरुज्जीवनाची कामे दोन्ही बाजूंना चालतील याची यादी मिळून करायची, एवढाच त्याचा आवाका आहे, आणि मला तो मर्यादित असल्यामुळेच टिकाऊ वाटतो.

दुसरा प्रश्न येथील शेतकरीही अगदी याच शब्दांत विचारत आहेत. २०२५ च्या शरद ऋतूत चिनूक कीनो आणि लिंक रिव्हर ही उरलेली दोन धरणे ओलांडून सरोवरात आणि पुढे चिलोक्विनजवळच्या उपनद्यांत पोहोचले, म्हणजे तज्ज्ञांना वाटले होते त्यापेक्षा बरेच लवकर. ‘ए’ कालव्याच्या तोंडाशी २००३ पासून माशांसाठी जाळी आहे. पण त्याखाली नदीतून पाणी उचलणाऱ्या इतर अनेक कालव्यांना ती नाही. ती बसवण्याचा खर्च शेतकऱ्यांवर पडू नये ही सिंचन संघटनेची मागणी आहे, आणि मासे कालव्यात मरावेत असे जमातींनाही वाटत नसल्यामुळे या मागणीला त्यांचा विरोध असण्याचे कारण मला दिसत नाही. अडचण पैशाची आहे, आणि तो केंद्र सरकारकडूनच यावा लागेल. पुढच्या सिंचन हंगामापर्यंत त्यातले किती कालवे जाळीखाली येतात, यावर मी याच धाग्यात लिहीन.